च्युइंगम गिळलं तर शरीरात काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदुरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर भागातल्या मराठी घरांतून मला रात्री-अपरात्री जे निरोप येतात, त्यांत हा विषय हमखास असतो. कुणीतरी च्युइंगम गिळलेलं असतं आणि घरात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागलेला नसतो. पुन्हा पुन्हा येणारे ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना पहिलं उत्तर पुरेल. ज्यांच्या घरी लहान मूल, जुनी बद्धकोष्ठता, पोटाचं ऑपरेशन झालेलं माणूस किंवा पाळलेला कुत्रा आहे, त्यांनी मात्र पुढचंही वाचावं.

१. माझ्या मुलाने आत्ताच च्युइंगम गिळलं. मी काय करू?

मूल नीट श्वास घेतंय का, बोलतंय का आणि घोटभर पाणी सहज गिळतंय का, एवढं पाहा. या तिन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर काहीही करायचं नाही. गिळलेला एखादा तुकडा जेवणासारखाच पोटातून आतड्यात जातो आणि एक ते तीन दिवसांत शौचावाटे बाहेर पडतो. दवाखान्यात यायची, एक्स-रे काढायची, औषध द्यायची गरज नसते. उलटी करवू नका, त्याचं कारण आठव्या प्रश्नात आहे. मूल खोकतंय किंवा त्याला बोलता येत नाहीये तर हे वाचणं सोडून थेट सातव्या प्रश्नाकडे जा.

२. पण च्युइंगमने आतडी एकमेकांना चिकटतात ना? आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलोय.

चिकटत नाहीत. च्युइंगम बुटाच्या तळव्याला, केसांना, शाळेच्या बाकाला चिकटतं, कारण हे पृष्ठभाग कोरडे असतात. तेच च्युइंगम अर्धा तास तोंडात असतं तेव्हा जिभेला किंवा गालाच्या आतल्या बाजूला चिकटून बसत नाही, कारण तिथे लाळेचा ओलावा असतो. जठर आणि आतडी तर तोंडाहूनही ओली आणि बुळबुळीत असतात. त्यांच्या आतल्या अस्तरावर श्लेष्माचा थर असतो आणि शरीर तो सतत नवा तयार करत राहतं. शिवाय आतडी कधी स्थिर नसतात. त्यांच्या स्नायूंच्या लाटा आतला ऐवज एकसारख्या पुढे ढकलत असतात. ओल्या, निसरड्या आणि हलत्या जागी च्युइंगमला पकड मिळत नाही.

पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटू शकतात हे खरं आहे. ते जखम भरताना तयार होणाऱ्या पट्ट्यांमुळे होतं आणि आतड्यांच्या बाहेरच्या बाजूने होतं. खाल्लेल्या कुठल्याही वस्तूशी त्याचा संबंध नाही. ‘आतडी चिकटली’ हे शब्द घरात कुणाच्या तरी आजारपणात ऐकलेले असतात, आणि मग ते च्युइंगमला जोडले जातात.

३. ते सात वर्षं पोटात राहतं, असंही वाचलं.

सात वर्षांची गोष्ट परदेशातून आली. आपल्याकडे काही घरांत बारा वर्षं सांगतात, काही घरांत ‘ऑपरेशन केल्याशिवाय निघतच नाही’ असं सांगतात. मुळात जठर ही साठवणुकीची जागाच नाही. जेवण आलं की ते घुसळतं, बारीक करतं आणि पुढच्या झडपेतून थोडं थोडं लहान आतड्यात सोडतं. जे बारीक झालं नाही ते मागे राहतं, पण फार काळ नाही. पोट रिकामं असताना साधारण दीड-दोन तासांनी स्नायूंच्या जोरदार लाटा जठरापासून सुरू होतात आणि उरलंसुरलं सगळं पुढे लोटतात. उपाशीपोटी पोट ‘गुडगुडतं’ ते बरंचसं यामुळेच. टोमॅटोची सालं, मक्याचे दाणे, फळांच्या लहान बिया अशाच पुढे जातात, आणि च्युइंगमही. ते मऊ असल्यामुळे दाबून लांबट होतं आणि झडपेतून निघतं. नाण्याला ही सोय नसते, म्हणून मोठं नाणं कधी कधी अडून बसतं.

४. ‘पचत नाही’ म्हणता आणि ‘काही होत नाही’ही म्हणता. नेमकं काय पचतं आणि काय नाही?

च्युइंगममध्ये दोन प्रकारचे घटक असतात. साखर किंवा तिच्याऐवजी वापरलेले गोड पदार्थ, ग्लुकोज सिरप, पुदिन्याचा वगैरे स्वाद आणि मऊपणासाठी घातलेलं ग्लिसरीन हा एक गट. हे लाळेत विरघळतं आणि चघळतानाच बरंचसं पोटात जातं. म्हणून काही मिनिटांत चव संपते. चघळून गिळलेल्या तुकड्यात यातलं फारसं उरलेलंच नसतं.

दुसरा गट म्हणजे गम बेस. चव गेल्यावर दाताखाली जे रबरासारखं राहतं ते. आज तो बहुतेक कृत्रिम असतो: पॉलिआयसोब्युटिलीन, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट यांसारखे लांब साखळीचे रेणू, त्यात रेझिन आणि मेण. आपली पाचकद्रव्यं ठरावीक कामांची आहेत. लाळेतलं अमायलेज पिठूळ पदार्थ तोडतं, जठरातलं पेप्सिन प्रथिनं तोडतं, लायपेज स्निग्ध पदार्थ. रबराच्या साखळ्या तोडणारं पाचकद्रव्य माणसाकडे नाही आणि जठरातलं तीव्र आम्लही त्यांना विरघळवत नाही. त्यामुळे गम बेस जसा गेला तसाच बाहेर येतो.

न पचणं ही शरीराला रोजची गोष्ट आहे. पालेभाजीतला, कोंड्यातला, भुट्ट्यातला बराचसा चोथा आपण पचवत नाही आणि तरी तो खायला सांगतो. च्युइंगमपासून चोथ्यासारखा फायदा काही मिळत नाही, एवढंच.

५. पूर्वी च्युइंगम झाडाच्या चिकापासून करायचे म्हणे. ते तरी पचायचं का?

तेही नाही. मेक्सिको, ग्वाटेमालाच्या जंगलांतल्या ज्या झाडाला चिरा पाडून तो चीक काढत, ते म्हणजे आपलं चिकूचंच झाड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत त्याचं च्युइंगम विकायला सुरुवात झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याची जागा स्वस्त कृत्रिम बेसने घेतली. झाडाचा चीक हेही नैसर्गिक रबरच आहे. तेव्हा ‘नैसर्गिक’ लिहिलेलं महागडं पाकीट आणलंत तरी गिळल्यावरची गोष्ट तीच राहते.

६. बाहेर पडलं हे कसं कळेल? शौच तपासू का?

नको. बहुतेक वेळा ते दिसत नाही, दिसलं तरी ओळखू येत नाही. अन्न लहान आतड्यातून काही तासांत जातं आणि मोठ्या आतड्यात एक-दोन दिवस काढतं. बद्धकोष्ठता असेल तर आणखी वेळ लागतो. शौच तपासत बसणाऱ्या आईबाबांची काळजी कमी होत नाही आणि मूल मात्र शौचाला जायला घाबरू लागतं.

पोट खूप दुखणं किंवा फुगून कडक होणं, वारंवार उलट्या होणं, त्यातही हिरवट उलटी, शौचात रक्त, किंवा तीन-चार दिवस शौचच न होणं, यातलं काही झालं तर दाखवा. च्युइंगम गिळलं असो वा नसो, या लक्षणांना डॉक्टरची गरज असतेच.

७. गिळताना ठसका लागला, घशात अडकलं. तेव्हा?

खरा धोका इथे आहे आणि या पानावरचं एकच उत्तर पाठ करायचं असेल तर हे करा. च्युइंगम अन्ननलिकेत गेलं तर चिंता नाही. श्वासनलिकेत गेलं तर मिनिटांचा खेळ असतो.

मूल जोरात खोकत असेल, रडू-बोलू शकत असेल तर त्याला खोकू द्या. पाठीवर थोपटू नका, पाणी पाजू नका, फक्त जवळ राहा. खोकल्याइतका चांगला उपाय नाही. खोकला बिनआवाजाचा झाला, आवाज निघेना, ओठ निळसर पडू लागले तर वाट पाहू नका. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मधे तळहाताने ५ जोरदार थापा मारा. निघालं नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवून ५ वेळा आत आणि वर असे झटके द्या. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ला फोन लावायला सांगा. एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर दाब द्यायचा नाही. त्याला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून पाठीवर थापा आणि मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी दाब द्या. मूल बेशुद्ध पडलं तर जमिनीवर झोपवून छातीवर दाब आणि तोंडाने श्वास सुरू करा, मदत पोचेपर्यंत थांबू नका. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका, ती आणखी खोल जाते.

ठसका थांबला, मूल खेळायला लागलं, पण त्यानंतर दिवसेंदिवस खोकला किंवा श्वासात शिट्टीसारखा आवाज राहिला तर तुकडा फुफ्फुसाच्या नळीत बसलेला असू शकतो. दवाखान्यात आल्यावर ‘त्या दिवशी ठसका लागला होता’ हे आठवणीने सांगा. आपल्याकडे अशा नळीत च्युइंगमपेक्षा शेंगदाणा आणि फुटाणा जास्त सापडतो. तीन वर्षांच्या मुलाच्या हातावर शेंगदाणे ठेवणारी घरं च्युइंगमला मात्र घाबरतात, हे पाहिलं की मला खरोखर वाईट वाटतं.

८. आजीने केळं आणि तूप दिलं. एरंडेल देऊ का? मिठाचं पाणी पाजून उलटी करवू का?

केळ्याने, तुपाने बिघडत काही नाही. मूल नीट गिळत असेल तर आनंदाने द्या. च्युइंगम त्यामुळे लवकर निघतं असं नाही, पण आजीचं मन शांत होतं आणि मुलाचं पोटही भरतं. एरंडेल नको. पोटात मुरडा येईल, जुलाब होतील आणि मग ते दुखणं च्युइंगममुळे आहे असं वाटून घाबरगुंडी उडेल.

मिठाचं पाणी अजिबात नको. लहान मुलाच्या रक्तात सोडियम एकदम वाढलं तर झटके येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. शिवाय उलटीवाटे वर येणारा तुकडा श्वासनलिकेत शिरू शकतो. म्हणजे जी गोष्ट सुखरूप खाली चालली होती, तिला आपण स्वतः धोक्याच्या वाटेवर आणतो.

९. आमचा मुलगा रोजच गिळतो, दिवसाला चार-पाच. तरीही चालेल?

नाही. आतापर्यंत एका-दोन तुकड्यांबद्दल बोलले, इथे उत्तर बदलतं.

१९९८ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन मुलांची हकीकत छापली. त्यातल्या साडेचार वर्षांच्या मुलाला दोन वर्षं बद्धकोष्ठता होती. चौकशीत कळलं की त्याला बक्षीस म्हणून रोज ५ ते ७ च्युइंगम मिळत आणि तो ती सगळी गिळून टाकी. मोठ्या आतड्याच्या शेवटी त्यांचा एकजीव गोळा झाला होता. तो डॉक्टरांना भूल देऊन काढावा लागला.

कारण समजायला सोपं आहे. एकेकटा तुकडा पुढे सरकतो, पण शौच साचलेलं असेल तर मागून येणारे तुकडे त्याला भेटतात. च्युइंगम आतड्याला चिकटत नाही, च्युइंगमला मात्र चिकटतं. त्यात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, चिंचोके, केस असं काही मिसळलं तर गोळा आणखी पक्का होतो.

म्हणून रोज गिळणाऱ्या मुलाचं च्युइंगम आधी बंद करा. शौच दोन-तीन दिवसांआड, कडक, दुखत होत असेल, किंवा चड्डीला थोडं थोडं लागत असेल तर दाखवायला आणा. चड्डीला लागणं म्हणजे जुलाब, असं समजून कित्येक घरांत मुलाला उलट शौच बांधणारं खायला देतात. खरं तर ते साचलेल्या कडक शौचाच्या कडेने झिरपणारं पाणी असतं.

१०. च्युइंगमसोबत नाणं की बटण, काहीतरी गेलंय. मुलगी नीट सांगत नाही.

मग पहिल्या प्रश्नाचं ‘काही करायचं नाही’ हे उत्तर तुमच्यासाठी नाही. वरच्या हकीकतीतल्या तिघांपैकी एका लहान मुलीच्या अन्ननलिकेत च्युइंगमने चार नाणी एकत्र चिकटून बसली होती. लाळ गळणं, पाणीही न गिळता येणं, छातीत दुखतंय म्हणणं, ही अन्ननलिकेत काही अडल्याची लक्षणं आहेत. लगेच एक्स-रे हवा.

रिमोट, खेळणी, वजनकाटा, घड्याळ यांतली चपटी गोल बॅटरी गेल्याची नुसती शंका आली तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. अन्ननलिकेत अडलेली बॅटरी दोन तासांत आतला भाग भाजू शकते. एम.वाय. हे इंदुरचं मोठं सरकारी रुग्णालय किंवा चोवीस तास दुर्बिणीची सोय असलेलं जवळचं मोठं रुग्णालय गाठा. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळू शकत असेल आणि बॅटरी गिळून १२ तास व्हायचे असतील तर वाटेत दर १० मिनिटांनी २ चमचे मध द्या. मध आणायला मात्र थांबू नका. एकापेक्षा जास्त लोहचुंबक गिळले असतील तरी इतकीच घाई करा. ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंतीला भोक पाडतात.

११. नुसतं च्युइंगम गेलंय, तरी खात्रीसाठी एक्स-रे काढून घेऊ का?

साध्या एक्स-रेमध्ये च्युइंगम दिसत नाही. नाणं, बॅटरी, चुंबक दिसतात. शंका त्यांची असेल तरच काढा.

१२. मुलं घाबरावीत म्हणून ‘पोटात झाड उगवेल’, ‘ऑपरेशन करावं लागेल’ असं सांगतो. त्यात वाईट काय?

मला या सगळ्या पानात सर्वांत जास्त हेच सांगायचं आहे. ज्या मुलाला ‘गिळलंस तर पोट फाडावं लागेल’ असं सांगितलेलं असतं, ते गिळायचं थांबत नाही, सांगायचं थांबतं. च्युइंगमच्या बाबतीत लपवलं तरी बिघडत नाही. पण तेच मूल उद्या बॅटरी गिळेल आणि पोट धरून गप्प पडून राहील. त्या दोन तासांची किंमत काय, ते वर लिहिलंच आहे.

त्यापेक्षा दोन वाक्यं सांगा: ‘च्युइंगम चघळायचं, मग कागदात गुंडाळून टाकायचं. आणि चुकून काहीही पोटात गेलं तर लगेच येऊन सांग, मी रागावणार नाही.’ सांगितल्यावर खरंच रागावू नका. रडत आलेल्या मुलाला जवळ घ्या, पाणी द्या, ‘दोन दिवसांत शीतून निघून जाईल’ म्हणा.

१३. कितव्या वर्षी द्यायला हरकत नाही?

पाच वर्षांच्या आत नको. कारण सातव्या प्रश्नात आलं आहे. पाचनंतरही वय न पाहता समज पाहा: चव गेल्यावर ते थुंकता येतं का आणि ते लक्षात राहतं का. धावताना, उड्या मारताना, झोपताना कुणाच्याच तोंडात नको. सराफ्याच्या खाऊबाजारातून रात्री परतताना गाडीत झोपलेल्या मुलांच्या तोंडातही ते राहून जातं, निघण्याआधी बघून घ्या.

१४. बूमर, सेंटर फ्रेश, हॅपीडेंट यांत गिळण्याच्या दृष्टीने फरक आहे का?

बेसच्या बाबतीत नाही. फुगा करायच्या गमचा तुकडा मोठा आणि जास्त लवचिक असतो, त्यामुळे लहान मुलांना ठसक्याचा धोका त्यात अधिक. कागदाचा कपटा सोबत गेला तरी तोही निघून जातो.

१५. शुगर-फ्री च्युइंगमने पोट बिघडलं. गिळल्यामुळे का?

गिळल्यामुळे नाही, चघळल्यामुळे. पाकिटावर घटकांत सॉर्बिटॉल (४२०), मॅनिटॉल (४२१), माल्टिटॉल (९६५) किंवा झायलिटॉल (९६७) लिहिलेलं असेल. हे गोड पदार्थ लहान आतड्यात पुरते शोषले जात नाहीत. ते पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांचा वायू करतात. मग पोट फुगतं, मुरडा येतो, पातळ होतं. २००८ मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांबद्दल लिहिलं. महिनोन्‌महिने जुलाब, वजन भराभर उतरलेलं, सगळ्या तपासण्या चाललेल्या. दोघंही सॉर्बिटॉलचं च्युइंगम, आणि त्यातला एक जण सॉर्बिटॉलच्या गोड गोळ्याही, इतक्या खात की रोज साधारण २० ते ३० ग्रॅम सॉर्बिटॉल पोटात जाई. ते बंद केलं आणि जुलाब थांबले. ऑफिसमध्ये दिवसभर च्युइंगम चघळणाऱ्या तरुणांनी पोटाच्या डॉक्टरला ही सवय आपणहून सांगावी, विचारायची वाट पाहू नये.

दिवसाला दोन-तीनने सहसा काही होत नाही. जेवणानंतर शुगर-फ्री चघळणं दातांना बरंच, कारण लाळ वाढते.

१६. कुणी एकही गिळू नये, असे काही आजार आहेत का?

आहेत. ज्यांच्या आतड्याची वाट कुठे अरुंद झाली आहे त्यांनी च्युइंगम खाऊच नये. आपल्या देशात याचं एक मोठं कारण आतड्याचा क्षयरोग आहे, दुसरं क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार. जठराचं किंवा वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेले, जुन्या मधुमेहामुळे जठर मंदावलेले, आणि पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागणारे आजी-आजोबा यांनाही हेच लागू. अशा कुणाच्या पोटात चुकून एखादं गेलं तर घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा आणि सहाव्या प्रश्नातल्या लक्षणांवर लक्ष ठेवा.

गरोदर बायकांचे फोन येतात म्हणून लिहिते: बाळाला काही होत नाही. गम बेस रक्तात जातच नाही.

१७. आज ऑपरेशन आहे आणि सकाळी च्युइंगम गिळलं गेलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, लपवू नका. नुसतं चघळून थुंकलं असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशन पुढे ढकलत नाहीत. गिळलं असेल तर ते घन पदार्थ खाल्ल्यासारखं धरलं जाऊ शकतं आणि वेळ बदलू शकते. भुलीखाली पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाण्याची भीती असते, म्हणून हा नियम.

गंमत अशी की ऑपरेशन झाल्यावर, विशेषतः पोटाच्या किंवा सिझेरियनच्या, कधी कधी डॉक्टरच च्युइंगम चघळायला सांगतात. चघळल्याने जेवण आल्याचा संदेश आतड्यांना जातो आणि झोपलेली आतडी लवकर हलू लागतात. सांगितलं असेल तेव्हाच आणि बसून चघळा, गिळू नका.

१८. यांनी तंबाखू सोडण्यासाठी निकोटीनचं गम आणलंय. ते गिळलं तर?

मोठ्या माणसाने एखादं गिळलं तर मळमळ, उचकी, छातीत जळजळ होऊ शकते. तलफही भागत नाही, कारण पोटातून गेलेलं निकोटीन यकृतातच बरंच मोडलं जातं. ते गालातूनच शोषलं जायला हवं: थोडं चघळायचं, जिभेला चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायचं, पुन्हा थोडं चघळायचं.

मुलाने गिळलं किंवा चघळलं असेल तर ते साधं च्युइंगम नाही. २ मिलिग्रॅमचं असो वा ४ मिलिग्रॅमचं, पाकीट सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा. उलट्या, घाम, फिकटपणा, थरथर ही लक्षणं दिसेपर्यंत थांबू नका. आणि हे गम औषधांच्या कपाटात, कुलपात ठेवा. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू सोडू पाहणारी माणसं घरोघरी आहेत. त्यांना या गमसाठी टोचून बोलू नका, त्यांची धडपड मोलाची आहे. मदतीसाठी तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६.

१९. च्युइंगम म्हणजे प्लॅस्टिकच, मग गिळल्याने कॅन्सर होईल का?

गिळलेल्या गम बेसमुळे कॅन्सर होतो असा पुरावा नाही. २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना चघळताना लाळेत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडले, तेही कृत्रिम आणि ‘नैसर्गिक’ अशा दोन्ही प्रकारच्या गममध्ये, आणि बहुतेक पहिल्या काही मिनिटांत. म्हणजे थुंकलं काय, गिळलं काय, त्यात फरक पडत नाही. ज्यांना हे कण टाळायचे आहेत त्यांनी च्युइंगम कमी खावं, हे सरळ उत्तर. फिनाइलकिटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्या मुलांना मात्र ॲस्पार्टेम (९५१) असलेलं कोणतंच गम देऊ नका.

२०. एकादशीला चालतं का? रक्ततपासणीच्या उपाशीपोटी चालतं का?

एकादशीचं तुमच्या घरच्या रीतीवर. मी एवढंच सांगेन की साखरेच्या गममध्ये साखर असते, आणि काही गममध्ये जिलेटिन हा प्राणिज पदार्थ असू शकतो, म्हणून पाकिटावरची हिरवी खूण बघून घ्या. उपाशीपोटीच्या रक्ततपासणीआधी नको, शुगर-फ्रीही नको. फक्त पाणी.

२१. सिंगापूरमध्ये बंदी आहे, म्हणजे ते विषारीच असणार ना?

तिथे १९९२ मध्ये च्युइंगमच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदी आली ती स्वच्छतेसाठी. लोक ते रस्त्यांवर, लिफ्टच्या बटणांवर, मेट्रोच्या दारांवर चिकटवत. २००४ पासून दातांसाठीचं आणि निकोटीनचं गम तिथेही औषध म्हणून मिळतं.

आपल्या शहरालाही स्वच्छतेचा अभिमान आहे, आणि त्यातूनच एक प्रश्न येतो: ‘थुंकलं तर दंड, म्हणून गिळलं.’ राजवाड्यावर किंवा छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत कचरापेटी शोधावी लागली तरी चालेल, पण गमच्या मूळ कागदाचा तुकडा खिशात ठेवा, त्यात गुंडाळा आणि पेटी दिसली की टाका. घरी ओल्या कचऱ्यात टाकू नका, ते कुजत नाही.

२२. च्युइंगमचं पाकीट कुत्र्याने फाडून खाल्लं. त्यालाही ‘काही होत नाही’ हेच लागू का?

लागू नाही. शुगर-फ्री गममध्ये झायलिटॉल असेल तर कुत्र्यासाठी ते विष आहे. माणसाच्या शरीरात त्याने इन्सुलिन फारसं वाढत नाही. कुत्र्याच्या शरीरात एकदम उसळतं आणि रक्तातली साखर अर्ध्या-एक तासातही कोसळू शकते. गमच्या तुकड्यांतून ते सावकाश सुटलं तर काही तासांनीही. कुत्रा लडखडतो, उलटी करतो, झटके येतात. यकृत निकामी होण्याचा धोका एक-दोन दिवसांनंतरही असतो. लहान चणीच्या कुत्र्याला एक-दोन तुकडेही पुरतात.

लक्षणांची वाट पाहू नका. पाकीट उचला, किती तुकडे कमी आहेत ते मोजा आणि जवळच्या पशुवैद्याला फोन करत निघा. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण इंदुरातून तिथे पोचायला वेळ लागतो, तेव्हा आधी जवळचा दवाखाना. घरच्या घरी उलटी करवणं इथेही पशुवैद्याने सांगितल्याशिवाय नको. पाकिटावर झायलिटॉल किंवा ९६७ नसेल तरी फोन कराच, कारण कुत्रा कागद आणि चंदेरी वेष्टणासकट पूर्ण पाकीट गिळतो आणि ते त्याच्या आतड्यात अडू शकतं.